केर्वा भुंकत नाही

कुत्र्याला भुंकू नकोस म्हणून शिकवायच्या भानगडीत रोममध्ये कुणी पडत नाही. फिलेरोस पडला, आणि वर त्याचा तोराही मिरवला.

आव्हेंटाइन टेकडीच्या पायथ्याशी, टायबरच्या धक्क्याला लागून तेलाचं एक कोठार होतं. फिलेरोस तिथला राखणदार. जन्माने गुलाम, म्हातारपणी मालकाने मोकळा केलेला. पण मोकळा होऊन जाणार कुठे, म्हणून त्याच दारात, त्याच तिपाईवर बसलेला. मालक कोस्सिनियस कोठाराच्या वरच्या मजल्यावर राहायचा. कोस्सिनियसचं डोकं दुखायचं, आणि ते दुखतंय हे खालच्या तेलाच्या रांजणांनासुद्धा कळेल अशी तो व्यवस्था करायचा. हमालांनी अनवाणी चालायचं, कड्या चिंध्यांत गुंडाळायच्या, आणि कुत्रीने तोंड उघडायचं नाही.

कुत्रीचं नाव केर्वा. नाव हरिणीचं आणि अंग काळं कुळकुळीत, डोकं उखळाएवढं. फिलेरोसच्या बायकोचा, नेब्रिसचा, भाऊ शहराबाहेर कौलांच्या भट्टीवर कामाला होता. तिथून ती पिल्लू असताना आली. आली तीच एक पराक्रम करून. वाळत घातलेल्या ओल्या कौलांवरून ती बागडली होती आणि एका कौलावर तिची पावलं छान उमटली होती. ते कौल भाजून निघाल्यावर भावाने पिल्लाबरोबरच पाठवून दिलं. फिलेरोसने ते तिच्या खोपटाच्या छपरावर बसवलं होतं.

मालकाचा हुकूम झाल्यावर फिलेरोस कामाला लागला. केर्वा भुंकली की तो तिचं थोबाड दोन्ही हातांनी मिटून धरायचा आणि गप्प राहिली की चीजची सालं द्यायचा. काही कळलं, कुणी आलं, कुठे खुट्ट झालं, तर तिने यायचं, त्याच्या अंगरख्याचा काठ दातांत धरायचा आणि ओढायचं. कुत्री हुशार. उन्हाळा संपायच्या आत ती शिकली. नंतर एकदा कोठारात शिरलेला चोर तिने इतक्या मुकाट्याने दाखवला, की फिलेरोसने त्याला रांजणाआड बसल्या जागी पकडलं. फिलेरोसच्या अंगरख्याचा काठ मात्र कायम चिंधी झालेला असायचा, आणि नेब्रिस तो शिवता शिवता दोघांच्या नावाने खडे फोडायची.

"दुसऱ्यांची कुत्री गल्ली डोक्यावर घेतात," फिलेरोस दारूच्या गुत्त्यात सांगायचा. "माझी? चोराला ती ऐकूच येत नाही. थेट चावते. भुंकणं असतं कशाला? शेजाऱ्यांना उठवायला! माझी केर्वा मला सांगते. फक्त मला."

हे तो एकदा नाही, रोज सांगायचा. आणि जिभेला हाड नसलं की जे व्हायचं तेच झालं. ती गोष्ट गुत्त्यातून बाहेर पडली आणि फिरत फिरत हंसवाल्यांच्या कानावर गेली.

हंस म्हणजे तळ्यातला डौलदार पक्षी नव्हे. अंगणातला, लठ्ठ, भांडखोर, बदकाचा थोरला भाऊ. शहरावर चाल करून आलेले गॉल लोक अंधारात कापितोल टेकडी चढून आले तेव्हा कुत्री गप्प राहिली आणि जूनो देवीच्या हंसांनी कलकलाट करून शहर वाचवलं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतं. त्याला किती पिढ्या लोटल्या ते कुणी विचारत नाही. हंसांचे उपकार अजून फिटत नाहीत आणि कुत्र्यांचा गुन्हा अजून माफ होत नाही. ऑगस्ट उजाडला की एका हंसाला जांभळ्या गादीवर बसवून, सोन्याने सजवून पालखीतून मिरवतात. आणि त्याच्यासोबत सांबुकस नावाच्या झाडाच्या उग्र वासाच्या लाकडांवर, क्रुसांवर, जिवंत कुत्री चढवून नेतात. ज्या गुन्ह्याचा गुन्हेगार केव्हाच माती होऊन गेला, त्याची शिक्षा दर वर्षी ताजी ताजी भोगून घ्यायची, हे माणसालाच सुचू शकतं.

कुत्री आणायची कुठून? त्या भागात त्याची एक रीत पडून गेली होती. जुलै सरता सरता हंसवाले गल्लोगल्ली फिरायचे. पुढे अल्बुक्यस नावाचा त्यांचा मुकादम, मागे दोघांच्या खांद्यावर हंसाची गादी, आणि मागून दोरवाले. राखणीच्या प्रत्येक कुत्र्यासमोर ते हंसाची शेपूट पिरगळून त्याला ओरडायला लावायचे. कुत्रं भुंकलं की चौकटीवर खडूची रेघ ओढून पुढे. नाही भुंकलं, की दोर.

त्या वर्षी उन्हाने कहर केला होता. श्रीमंत लोक डोंगरातल्या घरी निघून गेले होते. गटारं सुकून नुसता वास उरला होता, आणि आता त्यात तोडलेल्या सांबुकसचाही वास मिसळला. हंसाचं ओरडणं आधी टेकडीपलीकडून ऐकू आलं. दुसऱ्या दिवशी टेकडीच्या अलीकडून.

"फिलेरोस," नेब्रिस म्हणाली, "तिला भावाकडे पाठव. भट्टीवर. आजच."

"घाबरू नको गं. अजून कुठे लांब आहेत."

"लांब आहेत म्हणूनच म्हणतेय. दारात आल्यावर काय पंख लावून उडवणार आहेस तिला?"

फिलेरोस वर मालकाकडे गेला. कोस्सिनियस डोळ्यांवर शिर्क्यात भिजवलेलं फडकं ठेवून पडला होता.

"मालक, चार दिवस कुत्रीला बाहेर पाठवू का? सण होऊन गेला की परत आणतो."

"हळू बोल," कोस्सिनियस म्हणाला. "कालच स्पेनचं तेल उतरलंय. कोठार गळ्यापर्यंत भरलंय. आणि तू कुत्री बाहेर पाठवणार?"

"हंसवाले येतायत, मालक. ती भुंकत नाही."

"मग शिकव. न भुंकायला शिकवलंस ना? आता उलटं शिकव. डोकं खाऊ नकोस."

फिलेरोस जिना उतरला तो मनातून थोडा सुखावलेलाच. खोटं कशाला सांगा. न भुंकायला आपण शिकवलं, तसं भुंकायलाही आपणच शिकवू. केर्वा आपलं ऐकणार नाही तर कुणाचं ऐकेल? नेब्रिसने कपाळावर हात मारला.

दुपारी कोठाराच्या अंगणात तमाशा सुरू झाला. फिलेरोस हातापायांवर ओणवा झाला आणि केर्वाच्या तोंडासमोर तोंड नेऊन भुंकला. केर्वाने मान वाकडी केली. तो आणखी जोरात भुंकला. शेजारच्या दुकानातला चांभार ट्रोफिमस फळ्यांच्या कुंपणावरून डोकावला आणि हसता हसता खाली बसला.

"अरे म्हाताऱ्या, तुलाच घेऊन जातील की रे! क्रूस मोठा करावा लागेल!"

"तुझं ते उंदराएवढं कुत्रं सांभाळ आधी."

"माझं? ते स्वतःच्या शेपटीवर भुंकतं. त्याची मला काळजी नाही."

फिलेरोस पुन्हा भुंकला. यावेळी केर्वा उठली. त्याच्या मागे गेली, त्याच्या अंगरख्याचा काठ दातांत धरला आणि जीव लावून ओढायला लागली.

"हे काय करतेय ती?" ट्रोफिमसने विचारलं.

नेब्रिस दारात उभी होती. ती आधी हसली आणि मग तिचं हसू मावळलं. "तिने कुत्रा भुंकलेला ऐकला," ती म्हणाली. "ते ती त्याला कळवतेय."

पुढचे दिवस सगळी गल्ली भुंकत होती. ज्याच्या त्याच्या दारात कुत्र्याला डिवचणं चाललेलं. कुणी शेपटी ओढतोय, कुणी मांजर दाखवतोय. वरून कोस्सिनियस चपला फेकायचा. त्या सगळ्या गोंगाटात केर्वा तेवढी मुकी. ट्रोफिमस बिचारा चांगला माणूस. त्याने बाजारातून एक हंस उसना आणला. हंस ओरडला. केर्वाच्या मानेवरचे केस उभे राहिले, ती उठली आणि फिलेरोसकडे आली. काठ धरला, ओढला. त्याने तिला ढकललं. ती पुन्हा आली. मग त्याने तिला मारलं, आयुष्यात पहिल्यांदा. ती पोट जमिनीला टेकवून सरपटत आली आणि अगदी हळू, कापड फाटणार नाही इतक्या हळू, काठ ओढला. फिलेरोस तिथेच मटकन बसला आणि रडला.

त्या संध्याकाळी हंस मागच्याच गल्लीत ओरडत होता. तिथल्या खाटकाच्या दारात सकाळी कुत्रा होता आणि आता नुसती साखळी होती. फिलेरोस पाणी आणायला कारंज्यावर गेला. परत आला तर नेब्रिस अंगणाच्या मधोमध उभी, आणि तिचे डोळे लकाकत होते.

"भुंकली!" ती म्हणाली.

"कोण?"

"कोण काय? केर्वा! ट्रोफिमसचा हंस ओरडला. ही तुला शोधत सगळं अंगण फिरली. दार हुंगलं, तिपाई हुंगली. तू कुठेच नाहीस. मग इथे उभी राहून अशी भुंकली, की वरून मालकाची दुसरी चप्पल आली. ही बघ."

फिलेरोसने घागर खाली ठेवली. "म्हणजे मी नसलो की..."

"सांगायला कुणी नसलं की ती सगळ्यांना सांगते. तू असलास की तुला. कळलं का तुला? उद्या ते आले की तू इथे नको. पूल ओलांडून पलीकडे जा. वाऱ्यावर तुझा वाससुद्धा येता कामा नये."

"जाईन."

"माझी शपथ घे."

"तुझी शपथ, नेब्रिस. पलीकडे जाऊन बसेन."

सकाळी हंस गल्लीच्या तोंडाशी ओरडला तसा फिलेरोस निघाला. जाताना केर्वाकडे बघायचं नाही असं त्याने ठरवलं होतं, पण बघितलं. ती खोपटासमोर बसली होती, कान उभे. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला नाही, एवढंच काय ते त्याच्याने झालं.

पुलापर्यंत तो नेटाने चालला. तिथे त्याचे पाय अडले. पाठीमागे ट्रोफिमसचं कुत्रं किरटं भुंकलं. म्हणजे ते चांभाराच्या दारात पोचले. पुढचं दार कोठाराचं. फिलेरोस कान देऊन उभा राहिला. नदीवरच्या हमालांचा ओरडा, गाढवांच्या गळ्यातल्या घंटा, आणि त्याला हवा तो आवाज काही येईना. इथून ऐकू येईल का? भुंकली तर कळेल कसं? आणि नाही भुंकली तर? तिला नेतील आणि मी इथे पुलावर उभा! माणसाचं मन मोठं कपटी असतं. भीतीला ते माया म्हणतं आणि माया म्हटलं की शपथही मोडायला तयार होतं. नुसतं ऐकून येऊ, त्याने ठरवलं. कुंपणाच्या अलीकडून. ती बघणारसुद्धा नाही.

तो धावत परतला. ट्रोफिमसच्या मागच्या दाराने शिरला, कातड्यांचे ढीग ओलांडले आणि फळ्यांच्या कुंपणाला अंग चिकटवून, श्वास रोखून उभा राहिला. दोन फळ्यांमधल्या फटीतून त्याला कोठाराचं अंगण दिसत होतं. अल्बुक्यस घाम पुसत होता. हंस जांभळ्या गादीवर बसून स्वतःची पिसं टोकरत होता. नेब्रिस दाराशी, हातात हात घट्ट धरून.

"हीच का ती?" अल्बुक्यसने विचारलं. "गुत्त्यात जिचं नाव गाजतंय ती?"

"लोक काहीही बोलतात," नेब्रिस म्हणाली. "भुंकते ती. चांगली भुंकते."

"बघू या."

एकाने हंसाची शेपूट पिरगळली. हंस मान ताणून ओरडला. केर्वा उठली. तिने तिपाई हुंगली, तिथे कुणी नाही. दाराकडे पाहिलं, कुणी नाही. तिची छाती फुगली, ओठ मागे सरकले, आणि घशातून एक जाड, खरखरीत आवाज वर यायला लागला. फिलेरोसच्या डोळ्यांना धार लागली. भुंक, पोरी. भुंक.

मग तिची नाकपुडी हलली.

आवाज घशातच विरला. तिने मान वळवली आणि थेट कुंपणाकडे, त्या फटीकडे पाहिलं. शेपटी हलली. तो मागे सरला, पण कातड्यांचा ढीग आडवा आला. कुंपणाच्या खालून वीतभर जागा होती. तिथून एक काळं नाक आत आलं, दातांनी त्याच्या अंगरख्याचा काठ धरला आणि ओढायला लागले. अंगणात कुणी शिरलंय. अनोळखी माणसं आहेत. ऊठ, बघ.

"कुंपणामागे कोण आहे?" अल्बुक्यसने आवाज दिला.

फिलेरोस वळसा घालून आला. नेब्रिसने त्याला पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"ती सांगतेय!" फिलेरोस ओरडला. "बघा ना, मला सांगतेय! हंस ओरडला की ती येऊन सांगते, हे भुंकण्यापेक्षा कमी आहे का?"

अल्बुक्यस काही राक्षस नव्हता. त्याने केर्वाला खालपासून वरपर्यंत बघितलं, आणि ती आवडल्याचं त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. "सांगत असेल, म्हातारबा," तो म्हणाला. "कुत्री गुणाची आहे. पण ऐकू कुणाला आलं? मला नाही. यांना नाही. मी रेघ कशावर ओढू?"

"मालक!" नेब्रिस वरच्या खिडकीकडे बघून ओरडली. "मालक, केर्वाला नेतायत! एक शब्द टाका!"

खिडकीचा पडदा हलला. "नेतायत तर नेऊ दे," कोस्सिनियसचा आवाज आला. "पण हळू."

दोरवाला पुढे झाला तशी केर्वाने दात दाखवले, आवाज न करता. तो मागे हटला. दुसरा काठी घेऊन आला.

"थांब," अल्बुक्यस म्हणाला आणि दोर फिलेरोससमोर धरला. "तूच बांध. माझ्या माणसांनी बांधायची म्हटली तर आधी काठ्या चालतील. तुला ते बघवणार नाही."

फिलेरोस गुडघ्यांवर बसला. गाठ नीट बसेना. केर्वाने मान पुढे केली, त्याला सोपं जावं म्हणून. चीजच्या सालाची वाट बघावी तशी ती त्याच्या हाताकडे बघत होती. काम तर तिने चोख केलं होतं.

मिरवणुकीच्या दिवशी नेब्रिस घराबाहेर पडली नाही. फिलेरोस गेला. रथशर्यतीच्या मैदानाजवळ, दोन देवळांच्या मधल्या रस्त्यावर तो गर्दीत उभा राहिला. आधी हंस आला, गादीवर, गळ्यात सोनं, लोक त्याच्यावर फुलं टाकत होते. मागून सांबुकसचा वास आला आणि मागोमाग विव्हळणं. एकेक क्रूस खांद्यांवरून पुढे सरकत होता आणि त्यावरचं एकेक जनावर सगळ्या रोमला ऐकू जाईल असं रडत होतं. आता सगळ्यांना आवाज फुटला होता. लोक हसून म्हणत होते, तेव्हा एवढं भुंकला असतात तर!

काळी कुत्री तेवढी गप्प होती. तिला तसंच शिकवलं होतं.

ती समोरून जाताना तिचं नाक हलताना त्याने पाहिलं. तिने त्याला गर्दीत शोधलं आणि तो सापडला. तिचा जबडा उघडला, मिटला, आणि हवेतच काहीतरी धरून ओढावं तशी तिची मान मागे गेली. पुन्हा एकदा. पुन्हा. फिलेरोसला तेव्हा कापितोलवरची ती जुनी कुत्री आठवली, ज्यांचा हा गुन्हा. कोण जाणे, त्यांनीही त्या रात्री कुणाचा तरी अंगरखा ओढला असेल, आणि तो कूस बदलून झोपला असेल. सकाळी त्याने सांगितलं असेल, कुत्री गप्प होती म्हणून. त्याच्या घशातून ओरडणं वर आलं. ते बाहेर पडेना. तो सबंध वेळ तोंड उघडून उभा राहिला, आणि त्याचा आवाज कुणालाही ऐकू आला नाही.

कोस्सिनियसने लगेच दुसरा कुत्रा आणवला. तांबडा, तरणा, पानावर पान पडलं तरी बोंबलणारा. नेब्रिस अजूनही फिलेरोसशी लागेल तेवढंच बोलायची. एकदा ती त्याच्या अंगरख्याचा फाटका काठ शिवायला बसली, तर त्याने तो तिच्या हातातून काढून घेतला. तिने हट्ट केला नाही. खोपटावरचं कौलही त्याने उतरवून घेतलं होतं आणि तिपाईवर बसला की ते मांडीवर घ्यायचा. पिल्लाची पावलं, चिमटीत मावतील एवढी, भाजलेल्या मातीत पक्की बसलेली. कोठार पडेल, मालक जाईल, आपण जाऊ. हे कौल कुठेतरी असेल, असं त्याला वाटायचं, आणि त्याने बरं वाटायचं नाही.

"फिलेरोस!" वरून आवाज आला. "त्या कुत्र्याला गप्प कर! माझं डोकं फुटतंय!"

तांबडा कुत्रा भुंकायचा थांबला आणि म्हाताऱ्याकडे बघायला लागला. फिलेरोस उठला. जवळ गेला, त्याच्यासमोर बसला, आणि चीजचं साल त्याच्या तोंडाशी धरलं.

"भुंक," तो म्हणाला. "मला नको सांगूस. भुंक."